जिंकलेला डाव शेवटच्या मिनिटात निसटतो? कारणं आणि उपाय

बुद्धिबळ खेळणाऱ्यांची तक्रार ठरलेली असते. चाळीस चालींपर्यंत डाव नीट खेळलेला असतो, एक प्यादं जास्त असतं, कधी आख्खा उंट जास्त असतो, आणि घड्याळात उरतात तीस-चाळीस सेकंद. मग प्यादं जातं, राजा भलत्याच घरात जातो, डाव बरोबरीत सुटतो किंवा फ्लॅग पडतो, म्हणजे वेळच संपतो. पुढच्या स्पर्धेत पुन्हा तेच. घरचे म्हणतात, हात जरा भरभर चालव. क्लासमध्ये सांगतात, एंडगेमचा (थोडे मोहरे उरल्यावरच्या शेवटच्या टप्प्याचा) अभ्यास वाढव. दोन्ही सल्ले अर्धे आहेत. भरभर हात चालवणारा तेवढ्याच भरभर चुकतो, आणि अभ्यास केलेल्यालाही दहा सेकंदांत काही आठवत नाही.

अनेक वर्षं खेळून आणि मुलांचे डाव तपासून माझं एक मत पक्कं झालं आहे. टाइम ट्रबलमध्ये, म्हणजे घड्याळात जेमतेम वेळ उरलेला असताना, डाव जातो, कारण जे निर्णय घरी बसून किंवा निदान पंधरा चाली आधी घ्यायचे, ते आपण शेवटच्या मिनिटासाठी शिल्लक ठेवतो. त्यामुळे उपाय एकाच दिशेने शोधायचा: त्या मिनिटात घ्यायचे निर्णय कमी कसे होतील.

हे फक्त आपल्यासारख्यांचं दुखणं आहे असं समजू नका. नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये बाटुमीला महिला विश्वचषक जिंकला, तेव्हा अंतिम फेरीत समोर कोनेरू हम्पी होती. हम्पी २०१९ आणि २०२४ ची जागतिक रॅपिड (कमी वेळाच्या डावांची) विजेती. तरी रॅपिड टायब्रेकच्या (बरोबरी फोडायला खेळवलेल्या डावांच्या) दुसऱ्या डावात वेळ कमी उरला आणि तिच्याकडून चुका झाल्या. दिव्याने तो डाव आणि विश्वचषक दोन्ही घेतले.

आधी गळती कुठे आहे ते शोधा

आपले शेवटचे काही फसलेले डाव काढा आणि प्रत्येक डावात तीन ठिकाणचं घड्याळ बघा: ओपनिंग (सुरुवातीच्या चाली) संपली तेव्हा, वजिरावजिरी झाली, म्हणजे दोघांचे वजीर मारले गेले, तेव्हा (किंवा तिसाव्या चालीला), आणि वेळ एका मिनिटाखाली गेला तेव्हा. ऑनलाइन डावात प्रत्येक चालीसमोर वेळ दिसतोच. पटावर खेळताना स्कोअरशीटवर चालीशेजारी उरलेला वेळ लिहायची मुभा फिडेच्या (जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या) नियमांत आहे. दर पाच चालींनी एकदा लिहिला तरी पुरे.

बहुतेकांच्या कागदावर दोनपैकी एक चित्र दिसतं. पहिलं चित्र: पंधराव्या ते पंचविसाव्या चालीत दोन-तीन ठिकाणी प्रचंड वेळ गेलेला असतो, आणि तोही दोन जवळपास सारख्या चालींतून एक निवडताना. हत्ती डी पट्टीवर आणू की ई पट्टीवर (पटाच्या उभ्या पट्ट्या ए ते एच, आडव्या रांगा एक ते आठ), यात सहा मिनिटं. शेवटी आणला डी पट्टीवर, जिथे तो पहिल्या मिनिटातच आणायचा मनात आला होता. अशा वेळी एंडगेमचा अभ्यास वाढवून काही होणार नाही. दोन्ही चाली बऱ्या दिसत असतील तर पहिली सुचलेली खेळा आणि पुढे चला. दुसरं चित्र: वजिरावजिरी होईपर्यंत वेळ ठीक होता, तो गेला एंडगेममध्येच. पुढचं सगळं मुख्यतः या दुसऱ्या चित्रासाठी आहे.

इन्क्रिमेंट आहे की नाही, तिथून दोन वाटा फुटतात

इन्क्रिमेंट म्हणजे प्रत्येक चालीला घड्याळात पडणारी सेकंदांची भर. हे आधी न पाहता दिलेला कुठलाही सल्ला चुकीचा ठरू शकतो. दर चालीला तीस सेकंद मिळत असतील (९०+३०, म्हणजे नव्वद मिनिटं आणि दर चालीला तीस सेकंद, हा क्लासिकल, म्हणजे लांब वेळाच्या स्पर्धांतला नेहमीचा वेळ) तर खरा टाइम ट्रबल जवळजवळ नसतोच; असतो तो घाबरेपणा. तीस सेकंदांत साधा एंडगेम व्यवस्थित खेळता येतो. पण खेळाडू पाच सेकंदांत चाल करून मोकळे होतात, पंचवीस सेकंद घड्याळात साठवतात आणि ते कधीच वापरत नाहीत. उलटही होतं: प्रत्येक चालीला अठ्ठावीस सेकंद घेतात, त्यामुळे जिथे खरोखर दोन मिनिटं हवी असतात तिथे ती नसतात. यातला मधला मार्ग म्हणजे सोप्या चाली जमा बाजूला टाकायच्या. समोरच्याला काहीच धमकी देता येत नसेल अशा स्थितीत आपला हत्ती एका सुरक्षित घरातून दुसऱ्यात आणि परत, अशा दोन चाली झटकन केल्या की मिनिटभराची भर पडते. तीच स्थिती तिसऱ्यांदा येणार नाही एवढं मात्र पाहायचं, नाहीतर समोरचा बरोबरी मागेल. तीस सेकंदांच्या इन्क्रिमेंटमध्ये चाली शेवटपर्यंत लिहाव्याच लागतात. त्या लिहिण्याचा एक फायदा म्हणजे कितव्यांदा स्थिती आली याचा पुरावा हातात असतो.

पाच किंवा दहा सेकंदांचं इन्क्रिमेंट असेल तर हीच युक्ती चालते, पण जमा हळू होते. पाच सेकंद मिळतात आणि तुम्ही तीनमध्ये चाल करता, म्हणजे चालीमागे दोन सेकंद उरतात. पंधरा चालींत अर्धं मिनिट. ते अर्धं मिनिट कुठल्या एका चालीवर खर्च करायचं हे आधी ठरवून ठेवा. बहुतेक वेळा ती चाल म्हणजे मारामारीची (दोघांचे मोहरे एकमेकांत बदलण्याची).

इन्क्रिमेंट नसेल तर डाव वेगळाच. तिथे चांगली चाल आणि भरवशाची चाल यांत भरवशाचीच घ्यायची. शह मिळत असेल आणि त्याने काही बिघडत नसेल तर द्यायचा, कारण समोरच्याला थांबून उत्तर द्यावं लागतं. जिंकण्याचा सर्वांत छोटा मार्ग सोडून, ज्यात तुमचं काहीच मारलं जाऊ शकत नाही असा लांबचा मार्ग घ्यायलाही हरकत नाही, फक्त त्या मार्गावरच्या चाली बिनविचार करता आल्या पाहिजेत.

एक मिनिट आधीच खर्च करा

हा या सगळ्यातला मुख्य उपाय आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. एंडगेम सुरू होतोय असं जाणवलं, घड्याळात अजून चार-पाच मिनिटं आहेत, तेव्हा एकदाच थांबा. त्यातलं एक मिनिट चाल शोधण्यासाठी न वापरता तीन प्रश्नांसाठी वापरा. मला इथे जिंकायचंय की बरोबरी चालेल? कुठली मारामारी मला हवी आहे आणि कुठली काहीही झालं तरी नको आहे? माझ्या राजाने कुठे जायचंय?

तिन्हींची उत्तरं मनातल्या मनात पूर्ण वाक्यात द्या. ‘हत्ती बदलायचा नाही. उंट-घोडा बदलला तर चालेल. राजा डी४ वर.’ एवढं ठरलं की शेवटच्या मिनिटातल्या निम्म्या चाली आपोआप ठरतात, कारण समोरच्याने हत्ती पुढे केला की विचार करावा लागत नाही, बाजूला व्हायचं हे ठरलेलं असतं. मुलांना मी हे मोठ्याने म्हणायला लावतो (सरावाच्या डावात, स्पर्धेत नव्हे). ज्यांना म्हणता येत नाही त्यांच्याकडे योजना नसते, आणि ते त्यांनाही तिथेच कळतं.

तिन्हींत मधला प्रश्न सर्वांत मोलाचा. याचं उदाहरण सगळ्या जगाने पाहिलं आहे. १२ डिसेंबर २०२४, सिंगापूर, जागतिक विजेतेपदाचा चौदावा आणि शेवटचा डाव. तेव्हाचा जगज्जेता डिंग लिरेन पांढऱ्याकडून, गुकेश काळ्याकडून. दोघांकडे एकेक हत्ती, एकेक उंट, गुकेशचं एक प्यादं जास्त. ही स्थिती बरोबरीत सोडवता येण्यासारखी होती, पण डिंगच्या घड्याळात गुकेशपेक्षा फार कमी वेळ होता. ५५व्या चालीत डिंगने हत्ती एफ२ वर नेला, हत्ती बदलून डाव आणखी सोपा करायला. गुकेशने हत्ती मारला, डिंगच्या राजाने एफ२ वर परत मारलं, आणि गुकेशने उंट डी५ वर ठेवला. डिंगचा उंट ए८ च्या कोपऱ्यात होता. उंटांची मारामारी टाळायला त्याला जागाच नव्हती. उंट गेले, उरली फक्त प्यादी आणि राजे, आणि तो डाव काळ्याने जिंकलेला होता. ५८व्या चालीला सगळं संपलं.

थकलेल्या, वेळ संपत आलेल्या माणसाला मारामारी हवीहवीशी वाटते. पटावर मोहरे कमी म्हणजे विचार कमी, असं मन सांगतं. हत्ती-हत्ती किंवा उंट-उंट असताना हा हिशेब काही अंशी खरा असतो. पण शेवटचा मोहरा बदलून राजा-प्याद्यांच्या एंडगेममध्ये उतरताना तो सपशेल खोटा ठरतो. त्या एंडगेममध्ये एका घराच्या फरकाने अख्खा निकाल बदलतो. म्हणून नियम करून टाका: घड्याळात काहीही असो, शेवटचा मोहरा बदलण्याआधी साठवलेले ते तीस सेकंद इथे वापरायचे. मोजता आलं नाही तर बदलायचा नाही.

राजा आणि प्यादी: दोनच गोष्टी पाठ हव्यात

पहिली. आपला राजा सहाव्या रांगेत, प्यादं त्याच पट्टीत त्याच्या मागे पाचव्या रांगेत, आणि समोर नुसता राजा: चाल कुणाचीही असो, डाव जिंकलेला आहे. अपवाद कडेच्या प्याद्याचा, म्हणजे ए आणि एच पट्टीचा. हे माहीत असेल तर ‘ऑपोझिशन कुणाकडे’ (समोरासमोर उभ्या राजांपैकी आधी कुणाला हटावं लागेल) हे मोजत बसायची गरज पडत नाही; राजा पुढे, प्यादं मागे, एवढंच लक्षात ठेवून चालत राहायचं. उलट घाईत प्यादं आधी पुढे ढकलणं हीच या एंडगेममधली सर्वांत मोठी चूक.

यात एक खाच आहे आणि ती नेमकी दहा सेकंद उरले असताना नडते. जी पट्टीचं प्यादं घ्या. पांढरा राजा जी६, प्यादं जी५, काळा राजा जी८, चाल पांढऱ्याची. राजा एच६ ला न्यायचा. मग काळा राजा एच८, प्यादं जी६, राजा जी८, प्यादं जी७, राजा एफ७, राजा एच७, आणि वजीर होतो. तोच राजा घाईत एफ६ ला नेला तर काळा एच७ वर येतो, आणि आता प्यादं जी६ वर ढकलून शह दिला की राजा एच८ मध्ये जातो. पांढरा राजा एफ७ ला आला तर काळ्याला चालच उरत नाही, स्टेलमेट. प्यादं जी७ ला ढकललं तरी बरोबरीच. एफ६ वर गेलेला राजा अजूनही परत वळवून डाव जिंकता येतो, पण दहा सेकंदांत तेवढं कुणाला सुचतं? बी आणि जी पट्टीच्या प्याद्याला राजा कडेच्या बाजूने न्यायचा, एवढं बोटांत बसलं पाहिजे.

दुसरी गोष्ट: कडेचं प्यादं, सोबत उंट, पण तो उंट वजीर होण्याच्या घराच्या रंगाचा नाही. समोरचा राजा त्या कोपऱ्यात पोचला की डाव बरोबरीत. जास्त मोहरा असलेल्याने इकडे जाऊ नये, आणि हरत असलेल्याने इकडेच धावावं. हरणाऱ्या बाजूला टाइम ट्रबलमध्ये इतका सोपा आसरा दुसरा नाही.

हत्तींचे एंडगेम

सर्वांत जास्त येणारे एंडगेम हेच, त्यामुळे वेळ घालवायचाच असेल तर इथे घालवा. दोन स्थिती अशा आल्या पाहिजेत की झोपेतून उठवलं तरी खेळता येतील.

जिंकायची स्थिती लुसेना. पांढरा राजा जी८, प्यादं जी७, हत्ती एफ१. काळा राजा ई७, हत्ती एच२. पांढरा राजा स्वतःच्याच प्याद्यासमोर अडकलाय आणि बाहेर आला की मागून शह बसणार. नवखा खेळाडू राजा बाहेर काढतो, शह खात फिरतो आणि वेळ घालवतो. बरोबर चाल हत्ती एफ४. मग असं (एक चाल काळ्याची, एक पांढऱ्याची): हत्ती एच१, हत्ती ई४ शह, राजा डी७, राजा एफ७, हत्ती एफ१ शह, राजा जी६, हत्ती जी१ शह, राजा एफ६, हत्ती एफ१ शह, राजा जी५, हत्ती जी१ शह, आणि आता हत्ती जी४. आपल्या हत्तीने शह अडवला, प्यादं वजीर होणार. चौथ्या रांगेत हत्ती आधी आणून ठेवण्याचं कारण ही शेवटची चाल. सगळ्या मिळून सात चाली; येत असतील तर पंधरा सेकंदांचं काम, येत नसतील तर पाच मिनिटंही अपुरी.

वाचवायची स्थिती फिलिडोर. आपला राजा प्याद्याच्या वजीर होण्याच्या घरात, आपला हत्ती सहाव्या रांगेत (आपण काळे आहोत असं धरून), म्हणजे पांढरा राजा त्या रांगेत येऊ शकत नाही. हत्ती त्याच रांगेत इकडून तिकडे करत राहायचा, यात विचार शून्य, सेकंद वाचतात. प्यादं सहाव्या रांगेत आलं, की त्याच चालीला हत्ती पहिल्या रांगेत न्यायचा आणि मागून शह देत राहायचं. पांढऱ्या राजाला आता लपायला प्यादंच उरत नाही. एक चाल उशीर केला की डाव जातो, म्हणून डोळे त्या प्याद्यावर.

याखेरीज हत्तीच्या एंडगेमसाठी टाइम ट्रबलमध्ये मी फक्त एक गोष्ट सांगतो: वाट मोकळी असलेलं प्यादं आपलं असो की त्याचं, हत्ती त्याच्या मागे ठेवा. शंका आली तर मागे. याला अपवाद आहेत, पण वीस सेकंदांत अपवाद शोधू नका. आणि एकाच बाजूला तुमची तीन आणि त्याची चार प्यादी असतील तर घाबरू नका, हा एंडगेम सहसा बरोबरीचा असतो. काळ्याकडून खेळत असाल तर वेळ असतानाच एच प्यादं एच५ वर आणून ठेवा. तेवढ्याने पांढऱ्याला पुढे यायला खूप कष्ट पडतात.

घोडा असेल तर सावध

घोड्यांचे एंडगेम दिसतात छोटे, पण प्रत्येक चालीला घोडा आठ घरांकडे बघत असतो आणि काटा (एकाच वेळी दोन मोहऱ्यांवर हल्ला) कुठून बसेल ते एका नजरेत दिसत नाही. १ जून २०२५ ला नॉर्वे चेस स्पर्धेत माजी जगज्जेता मॅग्नस कार्लसन गुकेशविरुद्ध बराच काळ वरचढ होता. त्या स्पर्धेत ४१व्या चालीपासून चालीमागे फक्त दहा सेकंद मिळत होते. ५२व्या चालीत कार्लसनने घोड्याने ई२ वर शह दिला आणि डाव उलटला. गुकेशने क्लासिकल डावात त्याला पहिल्यांदा हरवलं. कार्लसनइतका एंडगेम जाणणारा दुसरा खेळाडू आज नाही, तरी दहा सेकंदांत घोड्याने त्याला चकवलं.

म्हणून माझा सल्ला असा की वेळ तुमचा कमी असेल तर घोड्याविरुद्ध घोडा ठेवू नका, जमेल तेव्हा बदला. आणि वेळ समोरच्याचा कमी असेल तर तुमचा घोडा जपा. घोड्याचा शह मिळतोय म्हणून कधीच द्यायचा नाही. हत्ती-वजिराचा शह वाया गेला तर सहसा परत येता येतं, घोडा एकदा कडेला गेला की परत यायला तीन चाली लागतात.

वजीर पटावर असताना

पुढे असाल तर वजिरावजिरी शोधा, मागे असाल तर वजीर सोडू नका. सततच्या शहांनी वाचलेले डाव मोजता येणार नाहीत. विरुद्ध रंगाच्या उंटांचंही असंच, एक-दोन प्यादी कमी असली तरी बरोबरी सुटते, म्हणून वाचवणाऱ्याने तिकडे वळावं. यावर इथे जास्त लिहीत नाही.

मात देताना वेळ संपतो

एकट्या राजाला वजिराने मात द्यायला जास्तीत जास्त दहा चाली लागतात, हत्तीने सोळा. हे उत्तम खेळाचे आकडे. आपल्याला थोड्या जास्त लागतील. इन्क्रिमेंट नसेल आणि वीस सेकंद असतील तर वजिराने होतं, हत्तीने जेमतेम होतं, तेही पद्धत पाठ असेल तर.

वजिराची पद्धत: वजीर समोरच्या राजापासून घोड्याच्या चालीच्या अंतरावर ठेवायचा आणि राजा जाईल तशी तीच चाल करायची. तो आपोआप कडेला जातो. तो कोपऱ्यात शिरला की थांबा, तिथे घोड्याच्या अंतरावर वजीर नेला तर स्टेलमेट होतं. ऐंशी टक्के काम बिनविचार आणि शेवटच्या दोन-तीन चाली डोळे उघडे ठेवून, अशी विभागणी मनात हवी. हत्तीची पद्धत: हत्तीने एक रांग तोडून ठेवायची, आपला राजा जवळ आणायचा, दोन्ही राजे समोरासमोर आले की शह, समोरासमोर नसतील तर हत्तीने एक रिकामी चाल.

उंट आणि घोडा मिळून मात शिकायला लावणारे शिक्षक आहेत. मी टाइम ट्रबलच्या उपायात ती घेत नाही. २०१३ साली जिनिव्हाच्या महिला ग्रां प्रीमध्ये तेव्हाची जगज्जेती ॲना उशेनिना हिला ओल्गा गिर्याविरुद्ध ही मात पन्नास चालींत देता आली नाही, डाव बरोबरीत सुटला. फार क्वचित येणारी गोष्ट आहे. तेवढ्या वेळात लुसेना चारही कोपऱ्यांत करून होईल.

नियम माहीत नसल्याने गेलेले गुण

फ्लॅग पडला म्हणजे हरलोच असं नाही. समोरच्याला कुठल्याही वैध चालींनी मात देणं शक्यच नसेल तर डाव बरोबरीत सुटतो. पण ‘शक्य’ याचा अर्थ कडक आहे. २००८ साली नालचिकच्या महिला जागतिक स्पर्धेत मोनिका सॉच्को आणि सबिना फोइशोर यांच्या आर्मगेडन (निकाल लावणाऱ्या शेवटच्या) डावात दोघींकडे राजा आणि एकेक घोडा उरला, आणि फोइशोरचा वेळ संपला. आधी बरोबरी जाहीर झाली. सॉच्कोने दाद मागितली आणि तिला विजय मिळाला, कारण दोन्हीकडे घोडे असताना, समोरच्याने मदत केली तर का होईना, मात होऊ शकते. घोड्यासमोर नुसता राजा असता तर बरोबरी होती. त्यामुळे इन्क्रिमेंट नसेल आणि वेळ संपतोय, तर समोरच्याचा शेवटचा मोहरा किंवा प्यादं मारून टाकणं हा पूर्ण उपाय आहे, त्यासाठी आपला मोहरा द्यावा लागला तरी. ऑनलाइन संकेतस्थळांचे याबाबतचे नियम थोडे वेगवेगळे असतात. ज्यावर खेळता त्याचे एकदा वाचून घ्या.

प्यादं आठव्या रांगेत नेऊन तसंच ठेवून घड्याळ दाबलं तर ती अवैध चाल धरली जाते. क्लासिकल आणि रॅपिडमध्ये समोरच्याला दोन मिनिटं जास्त मिळतात, ब्लिट्झमध्ये (रॅपिडहूनही झटपट डावांत) एक; दुसऱ्यांदा झालं तर डाव जातो. उलटा ठेवलेला हत्ती हा हत्तीच असतो, वजीर नव्हे. वजीर हाताशी नसेल तर घड्याळ थांबवून पंचाकडे मागायचा, त्याला पूर्ण मुभा आहे. अर्थात त्याहून बरं म्हणजे प्यादं सहाव्या रांगेत गेल्यावर मारलेला वजीर आपल्या जवळ आणून ठेवणं. चाल ज्या हाताने, घड्याळही त्याच हाताने. समोरच्याने घाईत मोहरे पाडले आणि तसंच घड्याळ दाबलं तर ते नीट लावायचं काम त्याचं, त्याच्याच वेळात. घड्याळ थांबवा आणि पंचाला बोलवा. भांडू नका, त्यात लक्ष जातं.

इन्क्रिमेंट नसलेल्या क्लासिकल किंवा रॅपिड डावात, दोन मिनिटांहून कमी वेळ उरला आणि चाल तुमची असेल, तर दोघांनाही पाच सेकंदांचं इन्क्रिमेंट लावा अशी विनंती पंचाला करता येते. स्पर्धेत ही तरतूद आधी जाहीर केलेली हवी. विनंती म्हणजे बरोबरीचा प्रस्तावही धरला जातो, आणि पंचाने मान्य केली तर समोरच्याला दोन मिनिटं मिळतात. जिंकत असलेल्या स्थितीत हे फार उपयोगी पडतं आणि फार थोड्यांना माहीत असतं. पहिल्या फेरीआधी पंचाला विचारून ठेवा.

ऑनलाइन खेळणाऱ्यांसाठी एवढंच: प्री-मूव्ह (समोरच्याच्या चालीआधीच आपली चाल देऊन ठेवणं) फक्त तिथे, जिथे समोरच्याची कुठलीही चाल तुमचं नुकसान करू शकत नाही. राजाने राजामागे धावताना ठीक, वजीर हलवताना कधीच नाही.

सराव कसा करायचा

एंडगेम वेळ न लावता शिकायचा आणि घड्याळ लावून पक्का करायचा, या क्रमाने. आठवड्यातून दोनदा अर्धा तास पुरतो. लिचेस या संकेतस्थळावर स्वतः स्थिती मांडून संगणकाविरुद्ध हवा तो वेळ लावून खेळता येतं, फुकट. हत्तीची मात तीस सेकंदांत, वजिराची पंधरा सेकंदांत, लुसेना डावीकडे आणि उजवीकडे, पांढऱ्याकडून आणि काळ्याकडून. काळ्याकडून करणं बहुतेक जण विसरतात, आणि मग पट उलटा दिसला की हात थांबतो.

मुलांसाठी दोघांचा एक सराव चांगला चालतो. हत्ती आणि चार-चार प्याद्यांची साधी स्थिती मांडा. एकाला दोन मिनिटं, दुसऱ्याला चाळीस सेकंद, इन्क्रिमेंट नाही. चाळीस सेकंदवाल्याने सुरुवातीला घड्याळ बंद ठेवून एक मिनिट पट बघायचा, आणि कुठली मारामारी नको ते कागदावर लिहायचं. मग डाव. संपल्यावर कागद उघडा आणि त्याने तीच मारामारी केली का ते बघा. मग बाजू बदला, तीच स्थिती, उलटा वेळ. पटावर खऱ्या घड्याळाने करा. मोबाइलवर बोटाला लागणारा वेळ आणि हाताने हत्ती उचलून, ठेवून, घड्याळ दाबायला लागणारा वेळ यांत मोठा फरक आहे, आणि स्पर्धेत लागतो तो दुसरा.

सरावाला लागल्यावर दोन-तीन स्पर्धांनी परत तो तीन ठिकाणांचा वेळ लिहून काढा. एक मिनिटाखाली जाण्याची चाल पस्तीसवरून पंचेचाळीसवर गेली असेल तर मार्ग बरोबर आहे. ती तिथेच असेल, पण डाव निसटत नसतील, तरी बरोबर आहे. दोन्ही नसेल तर गळती एंडगेममध्ये नाही. पंधरा ते पंचवीस या चालींकडे परत जा आणि तिथे एका चालीला जास्तीत जास्त किती वेळ द्यायचा याची मर्यादा घाला, रॅपिडमध्ये दीड मिनिटाहून जास्त नको.